रक्ताची बाटली आणि बाळंतीण



'रक्त चढवावं लागेल' एवढं डॉक्टर म्हणाले की घरातल्यांचे हातपाय गळतात. कुणी मोटरसायकल काढून रक्तपेढीकडं धावतं, कुणी पुतण्याला फोन लावतं. आणि दुसरीकडं, 'बाई फार अशक्त झालीय, एक बाटली रक्त चढवूनच टाका' असा हट्ट धरणारीही माणसं आहेत. बाटली जाऊन पिशवी आली त्याला कित्येक वर्षं झाली, पण आपल्या तोंडी अजून बाटलीच. आज आम्ही त्या बाटलीचा इतिहास सांगणार आहोत. त्यात जागोजागी बाळंतिणी भेटतात.

सुरुवात मात्र कोकरापासून झाली. 1667 साली पॅरिसमध्ये झाँ-बाप्तिस्त दनी या वैद्यानं एका पंधरा वर्षांच्या मुलाला कोकराचं रक्त दिलं. मुलगा वाचला, कारण रक्त अगदी थोडं होतं. पुढं दुसऱ्या एका माणसाला वासराचं रक्त दिलं. तो काही दिवसांनी मेला आणि कोर्टात खटला उभा राहिला. गंमत बघा, वैद्य सुटला आणि विष घातल्याचा आळ आला त्या माणसाच्या बायकोवर! पुढं फ्रान्समध्ये या उपचारावर बंदीच आली, आणि दीडशे वर्षं कुणी त्या वाटेला फारसं गेलं नाही.

ती वाट पुन्हा धरली लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी. ते प्रसूतीचे डॉक्टर. बाळ सुखरूप जन्मलं, वार पडली, आणि त्यानंतर रक्त थांबेना म्हणून डोळ्यांदेखत बाई जाते, हे त्यांनी पाहिलं होतं. आधी कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनी एक गोष्ट पक्की केली, की एका जातीच्या प्राण्याचं रक्त दुसऱ्या जातीला चालत नाही. माणसाला माणसाचंच हवं. 1818 साली त्यांनी माणसाचं रक्त माणसाला दिलं. तो रोगी आधीच मरणाला टेकलेला होता, वाचला नाही. पण 1829 साली त्यांनी एका बाळंतिणीची हकिगत छापली. तिला तीन तासांत सुमारे पाव लिटर रक्त दिलं आणि ती जगली. त्यांनी असे दहाएक प्रयत्न केले, त्यांतले निम्मे लागू पडले. उरलेले का फसले, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

कारण कळलं 1901 साली. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवलं, की माणसांच्या रक्ताचेही गट असतात आणि न जुळणारं रक्त एकत्र आलं की त्याच्या गुठळ्या होतात. 1940 साली आरएच हा आणखी एक प्रकार सापडला. तो आपल्या कामाचा. निगेटिव्ह गटाच्या मुलीला चुकून पॉझिटिव्ह रक्त दिलं, तर ती आज बरी दिसेल, पण तिच्या अंगात त्या रक्ताविरुद्ध शस्त्रं तयार होऊ शकतात आणि ती पुढं पोटातल्या बाळावर चालून जातात.

आणि मग आपली मुंबई. 1952 साली केईएम रुग्णालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, जे कुणाशीच जुळेना. साध्या तपासणीत ते 'ओ' गटाचं वाटायचं, पण 'ओ'चं रक्तही त्याला चालत नव्हतं. जगभर त्याला आजही 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. अशा माणसाला केवळ त्याच गटाचं रक्त चालतं. 'गट माहीत आहे, मग पुन्हा क्रॉसमॅच कशाला? उगाच उशीर,' असं म्हणणाऱ्या भाऊजींना ही गोष्ट जरूर सांगा.

गट जुळला तरी रक्तातून काय येईल, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडं कित्येक वर्षं रक्त विकत मिळायचं. पोटासाठी पुन्हा पुन्हा रक्त विकणारे लोक, त्यातले कितीतरी स्वतःच आजारी. एड्स आल्यावर 1989 साली एचआयव्हीची तपासणी सक्तीची झाली. 'कॉमन कॉज' या संस्थेनं केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 1996 मध्ये निकाल दिला, आणि 1 जानेवारी 1998 पासून रक्ताची विक्री बंद झाली. कावीळ 'सी'ची तपासणी सक्तीची व्हायला 2001 उजाडलं. त्याआधी ज्यांना रक्त मिळालं, त्यांच्यासाठी तो उशीर लहान नव्हता. आज रक्त पूर्वीपेक्षा खूप सुरक्षित आहे. तरी नुकतीच लागण झालेल्या माणसाचा रोग पहिले काही दिवस तपासणीत दिसत नाही. शिवाय पिशवी बदलण्याची चूक माणसाकडून होते. आणि महिनोन्‌महिने रक्त कमी असलेल्या बाईला भराभर रक्त दिलं, तर तिच्या हृदयावर भार पडून छातीत पाणी होऊ शकतं.

मग दुसरा उपाय काय? त्याचा एक धागाही मुंबईतलाच आहे. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बाया पांढऱ्याफटक पडत होत्या, दगावत होत्या. लूसीबाईंनी त्या काय खातात ते पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांच्या ताटात काही नाही त्यांनाच हा आजार होतोय. यीस्टचा अर्क, मारमाईट नावाचा एक स्वस्त काळा चिकट पदार्थ, त्यांनी या बायांना दिला आणि त्यांच्या अंगात रक्त भरू लागलं. 1931 साली त्यांनी हे छापलं. त्या अर्कातला गुण म्हणजे फोलेट, हे दहाएक वर्षांनी कळलं. आशाताई गरोदरपणात जी लोहाची गोळी देतात ना, तिच्यात लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असतं, ते हेच. आपण ती गोळी 'तोंड कडू होतं' म्हणून डब्यात टाकून देतो! 2019–21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. गोळी पोटाला मानवत नसेल, किंवा दिवस भरत आले असतील, तर शिरेतून लोह देता येतं. हे विचारायला लाजू नका.

पिशवी कधी लावायची, याचाही विचार बदललाय. पूर्वी हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेलं की रक्त लावायची पद्धत होती. 1999 साली कॅनडातल्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातल्या 838 रोग्यांवर अभ्यास केला. 7 च्या खाली जाईपर्यंत थांबलं तरी रोग्यांचं नुकसान झालं नाही. आता डॉक्टर नुसता आकडा न बघता बाईला धाप लागतेय का, रक्त वाहतंय का, हेही पाहतात. मोठ्या ऑपरेशनात सांडलेलं रक्त गोळा करून, धुऊन त्याच रोग्याला परत देणारी यंत्रंही आहेत, पण ती मोठ्या शहरांतच. आणि बाळंतपणात धो धो रक्त गेलं, तर रक्ताला पर्याय नाही, हेही तितकंच खरं. तिथं 'नको नको' म्हणत वेळ घालवणं जिवावर बेतेल.

पण ते रक्त जाण्याआधीच थांबवता आलं तर? जपानच्या उताको ओकामोतो यांनी हाच ध्यास घेतला. नवरा-बायको दोघंही संशोधक. युद्धानंतरचे दिवस, पैसा नाही. रक्तावर काम करायचं ठरवलं, कारण रक्त स्वतःचंच वापरता येत होतं. लेक लहान, सांभाळायला कुणी नाही, तर उताकोबाई तिला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत उभ्या राहायच्या. एका परिषदेतून तर 'हे बायका-मुलांसाठी नाही' म्हणून त्यांना बाहेर जायला सांगितलं होतं, आणि परिषद होती बालरोगांची! 1962 साली त्यांनी ट्रानेक्झामिक ॲसिड हे औषध जगापुढं ठेवलं. तयार झालेली रक्ताची गाठ ते विरघळू देत नाही. बाळंतिणींवर ते वापरून बघा, असं त्या सांगत राहिल्या, पण प्रसूतीच्या डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही.

अखेर 21 देशांतल्या 20,060 बाळंतिणींवर मोठी चाचणी झाली. तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच वर्षी औषधाची शिफारस केली. तो निकाल आला एप्रिल 2017 मध्ये. उताकोबाई त्याच्या वर्षभर आधी, अठ्ठ्याण्णवव्या वर्षी गेल्या होत्या.