६१७४ आणि आपली संगणकखोली

शाळेच्या इतिहासावर या स्मरणिकेत अनेकांनी लिहिले असेल. मी एकाच खोलीबद्दल लिहिते. वरच्या मजल्यावरची, चपला बाहेर काढून जायची, निळी आच्छादने घातलेली आपली संगणकखोली.

त्या यंत्रांची गोष्ट आपल्या जन्माआधी सुरू होते. अमेरिकेत १९६७ साली वॉली फोयरझाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. मुलाने यंत्राला शिकवावे आणि त्या खटाटोपात गणित स्वतः शोधावे, हा पॅपर्ट यांचा विचार. १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यांनी तो सविस्तर मांडला. १९८१ मध्ये इंग्लंडात ‘बीबीसी मायक्रो’ आला आणि १९८४ साली भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तो याच यंत्रांवर. आपल्या शाळेतली यंत्रेही त्याच जातीची होती. मेमरी ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावणार नाही.

पण आठवीत आपण तिथे काय केले? संगणकाच्या भागांची नावे वहीत उतरवली आणि व्याख्या पाठ केल्या. मुलाने शोधावे हा मूळ हेतू वाटेत कुठेतरी गळून पडला होता.

नववीत गणिताच्या सरांनी तो परत आणला. त्यांनी फळ्यावर ३५२४ लिहिले. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा. ५४३२ वजा २३४५, ३०८७. पुन्हा तेच: ८३५२. पुन्हा: ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हा स्थिरांक १९४९ साली मांडला, असे सांगून सर म्हणाले, “सगळ्या संख्यांना लागू पडतो का, तुम्हीच बघा.”

चारही अंक सारखे असलेल्या नऊ सोडल्या, तर चार अंकी संख्या ८,९९१ उरतात. आम्ही पाच जणांनी बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहिला. यंत्र संथ, त्यात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या शनिवारी पडद्यावर आले: २१११ चे उत्तर शून्य! कापरेकर चुकले म्हणून आम्ही नाचत सरांकडे गेलो. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

२१११ वजा १११२, ९९९. इथे माझा हात थांबला. चार अंकांच्या खेळात ते ०९९९ असायला हवे होते. यंत्राने पुढचा शून्य टाकून दिला होता आणि ९९९ मधून ९९९ वजा केले होते. चूक आमच्या सूचनांमध्ये होती. ती दुरुस्त केल्यावर सगळ्या संख्या ६१७४ ला पोहोचल्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत.

पुढे नवी यंत्रे आली, जुनी भंगारात गेली आणि त्या खोलीत टायपिंग सुरू झाले, असे धाकट्या भावाकडून कळले. मी मात्र वीस वर्षांहून अधिक काळ सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे, आणि अनपेक्षित उत्तर आले की आधी माझा ०९९९ शोधते.

मेळाव्यानिमित्त शाळेला संगणक देण्याचे आपले ठरते आहे. जरूर देऊ या. पण त्यासोबत महिन्यातून एक शनिवारही देऊ या. लंबकाची दोरी दुप्पट केली तर दोलनाला किती वेळ लागेल, तीन अंकी संख्यांचा कापरेकर स्थिरांक कोणता, असे प्रश्न घेऊन मुलांबरोबर बसू या. आधी मोजायचे, मग यंत्राला विचारायचे, उत्तरे जुळली नाहीत तर फळ्यापाशी जायचे. पहिल्या शनिवारी मी येते. सर, तुम्हीही या. खडू तुमच्याच हातात शोभतो.