टाइमशेअर आणि परवडणारी सुट्टी : वारासिवनीच्या संदर्भात

टाइमशेअर : पर्यटनस्थळी दरवर्षी ठराविक रात्री मुक्काम करण्याचा हक्क पुढल्या अनेक वर्षांसाठी एकरकमी किंवा हप्त्यांनी आगाऊ विकत घेण्याची पद्धत. भारतात बहुतेक योजनांत खोलीची मालकी मिळत नाही, वापराचा काळ तेवढा मिळतो. बोलण्यात तिला ‘मेंबरशिप’ किंवा ‘हॉलिडे क्लब’ म्हणतात. वारासिवनी (जि. बालाघाट, मध्य प्रदेश) हे भातशेती, राइस मिल आणि हातमागाचे गाव. महानगरी नोकरदाराची रजा गृहीत धरून आखलेली ही योजना इथल्या घराच्या वर्षात बसते का, हा प्रश्न तिच्या दरापेक्षा मोठा असल्याने नोंदीचा भर त्यावर आहे.

ही पद्धत १९६० च्या दशकात युरोपात रुजली. स्वित्झर्लंडमधील हापिमाग ही संस्था १९६३ ची. एका ठिकाणचा आपला आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घेण्याची सोय करणारी आरसीआय ही अमेरिकी कंपनी १९७४ मध्ये निघाली. भारतात चेन्नईच्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्सने १९८६ पासून हा धंदा वाढवला. पुढे २०१४ मध्ये ती थॉमस कुक इंडियाकडे गेली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा हॉलिडेजची ‘क्लब महिंद्रा’ ही आज सर्वांत ओळखीची योजना. तिचे मूळ स्वरूप २५ वर्षे आणि वर्षाला ७ रात्री असे आहे. वर्षाचे दिवस जांभळा, लाल, पांढरा व निळा अशा हंगामांत वाटलेले असतात. जांभळा सर्वांत गर्दीचा आणि म्हणून सर्वांत महाग. निळ्याचा सदस्य जांभळ्या दिवसांत सहसा जाऊ शकत नाही. जांभळ्याचा मात्र कधीही.

प्रवेशमूल्य भरले की खर्च संपला, असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. दरवर्षी देखभालीची वर्गणी भरावी लागते, गेलात तरी आणि न गेलात तरी. ती महागाईबरोबर वाढते. जेवण, प्रवास आणि जंगलातली सफारी यांचा खर्च वेगळा. शिवाय सदस्यता म्हणजे आरक्षण नव्हे. खोली आधी मागणाऱ्याला मिळते, आणि मे महिन्यातल्या महाबळेश्वरसाठी एप्रिलमध्ये फोन करणाऱ्याला बहुधा प्रतीक्षायादीच मिळते.

विक्रीची रीत ठरीव आहे. मॉलमध्ये किंवा प्रदर्शनात कूपन भरून घेतले जाते, चार दिवसांनी ‘तुमचा नंबर लागला’ असा फोन येतो, आणि भेटवस्तू घ्यायला नवरा-बायको दोघांनी शहरातल्या एखाद्या हॉटेलात यावे असे सांगितले जाते. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार. टेबलावर चहा येतो, मागच्या टेबलावरच्या कोणी सही केली की टाळ्या वाजतात, आणि समोरचा तरुण कागदावर आकडे मांडू लागतो: ‘काका, आज ५,००० ची खोली दरवर्षी १० टक्क्यांनी महागली, तर २५ व्या वर्षी जवळजवळ ५०,००० ची होईल. तुम्हाला मात्र आजच्याच भावात.’ गुणाकार बरोबर असतो. पण महागाई फक्त हॉटेलच्या खोलीला लावलेली असते. वार्षिक वर्गणी त्या कागदावर एक तर नसते किंवा २५ वर्षे जागची हललेली नसते. शेवटी ‘आज सही केली तरच हा रेट’ हे वाक्य येते. असा रेट दुसऱ्या दिवशीही मिळतो, हे एकदा उठून आलेल्या माणसाला कळते.

तोच कागद उलट्या बाजूने भरून पाहावा. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रवेशमूल्य ४ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२,००० रुपये. पहिल्या वर्षीची वर्गणी करासह २०,००० धरली आणि ती वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली, तर २५ वर्षांत वर्गणीचेच सुमारे १०.९७ लाख होतात; शेवटच्या वर्षाची वर्गणी ८१,००० च्या घरात जाते. तेच ४,७२,००० बँकेत ७ टक्क्यांच्या मुदतठेवीत ठेवले, तर करापूर्वी वर्षाला ३३,०४० रुपये व्याज येते आणि मुद्दल जागेवर राहते. व्याज अधिक वाचलेली वर्गणी मिळून पहिल्याच वर्षी ५३,००० रुपये हाती राहतात, म्हणजे ७ रात्रींना प्रत्येकी साडेसात हजारांहून थोडे जास्त. एवढ्या पैशात मिळणारी खोली वारासिवनीचे सामान्य कुटुंब एरवी घेतच नाही. हा हिशेबही सातही रात्री दरवर्षी वापरल्या असे मानून केला आहे. तीन वर्षांतून एक वर्ष चुकले, तर प्रत्यक्ष वापरलेल्या रात्रीचा भाव ११,००० च्या पुढे जातो.

चुकलेले वर्ष हाच इथला कळीचा मुद्दा. आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी आणि मळणी. त्यानंतर हमीभावाची धान खरेदी सुरू झाली की राइस मिलवाल्याला मान वर करायला वेळ नसतो. नाताळ-नववर्षाचा महागडा हंगाम नेमका याच दिवसांत येतो. शिक्षक आणि सरकारी नोकर मोकळे होतात ते उन्हाळ्यात, पण एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. बालाघाट, गोंदिया, तुमसर, भंडारा असे चारी बाजूंना पसरलेले गणगोत असलेल्या घरात मे महिन्याचा सलग आठवडा मोकळा काढणे म्हणजे दोन-तीन नातलगांचा रोष ओढवणे. सुट्टी मिळते ती तुकड्यातुकड्यांत आणि ऐनवेळी, तर टाइमशेअरला हवी असते आधी ठरवलेली आणि सलग. न वापरलेल्या रात्री पुढे नेण्याची सोय बहुतेक योजनांत असते, पण तिलाही मर्यादा असते.

सदस्यता फायद्याची ठरणारी घरेही आहेत. दरवर्षी न चुकता जाणारे, सहा-आठ महिने आधी तारखा पक्क्या करू शकणारे, चांगल्या रिसॉर्टमध्ये राहण्याची हौस आणि ऐपत असलेले, दोन शयनगृहांचे व स्वयंपाकघराचे घर वापरू शकतील इतक्या माणसांचे कुटुंब. नागपूर-पुण्यात स्थायिक झालेल्या मुलाने घेतली आणि आई-वडिलांना वारासिवनीहून बोलावून घेतले, तर ती सार्थकी लागते.

बाकीच्यांसाठी पर्याय जवळच आहेत. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यातच, बैहरच्या वाटेवर आहे. तिथे राज्य पर्यटन महामंडळाचा मुक्काम आहे आणि खाजगी होमस्टेही. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभाक्षेत्र बंद असते, हे लक्षात ठेवावे. सिवनीकडून पेंच, गोंदियाकडून नागझिरा-नवेगाव. लांब जायचे तर गोंदिया जंक्शन मोठी सोय आहे: मुंबईची विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूरची महाराष्ट्र एक्स्प्रेस या दोन्ही तिथूनच सुटतात, त्यामुळे गाडी पकडताना धावपळ होत नाही. बालाघाट–कटंगी मार्गावर वारासिवनीचे स्वतःचे स्टेशन आहे. विदर्भ एक्स्प्रेसने शेगावला उतरून गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात राहणे हा इथल्या मराठी घरांचा सर्वांत सवयीचा प्रवास. खोली स्वच्छ, दर माफक आणि जेवण वेळेवर; क्लबच्या पुस्तिकेत ज्याला ‘कौटुंबिक अनुभव’ म्हणतात तो तिथे कसलीही सही न करता मिळतो. कोकणात जायचे तर घरगुती न्याहारी-निवास आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची (स्थापना १९७५) गणपतीपुळे, तारकर्ली येथील निवासस्थाने आहेत. विदर्भात चिखलदरा आहेच.

पचमढीचे उदाहरण बोलके आहे. मे महिन्यात तिथल्या हॉटेलांचे दर चढतात, पण नागपंचमीच्या आधीच्या नागद्वार यात्रेला विदर्भातून आणि लगतच्या भागातून जाणारी माणसे सेवामंडळांच्या तंबूंत मुक्काम आणि महाप्रसाद यांवर भागवतात. ती सुट्टी नव्हे, असे कोणी म्हणेल. जाणाऱ्याला विचारून पाहावे. केंद्र सरकारी नोकरांना चार वर्षांच्या खंडात मिळणारी प्रवास-सवलत मुक्कामाचे भाडे देत नाही, पण तिकिटाचा मोठा खर्च उचलते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. सदस्यत्वावरचा १८ टक्के दर लक्षात घेता हा फरक किरकोळ नाही.

टाइमशेअरच्या नावाखाली निराळाच व्यवहार चालू शकतो, याचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राने घेतला. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने लोकांना हॉटेलच्या रात्री विकल्या. त्या वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत मिळेल, असा करार होता. गावोगावच्या ओळखीच्या एजंटांनी ही योजना घराघरांत नेली आणि लोकांनी ती मुदतठेव समजूनच घेतली. सेबीने ही सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून जुलै २०१४ मध्ये नवे पैसे घेण्यास बंदी केली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये परताव्याचा आदेश दिला. सेबीच्या आदेशानुसार सुमारे ५१ लाख लोकांचे ७,०३५ कोटी रुपये त्यात होते. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या आणखी एका मुंबईच्या कंपनीबाबत सेबीने २०१५ मध्ये असाच निष्कर्ष काढला. तिथली रक्कम २,६५६ कोटी होती. परताव्याचे आश्वासन असलेली ‘सुट्टी’ ही सुट्टी नसते, गुंतवणूक असते, आणि तिला सेबीची नोंदणी लागते.

टाइमशेअरसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार तिथल्या ग्राहकाला सहीनंतर १४ दिवसांत विनाकारण माघार घेता येते. इथे अशी मुदत करारात लिहिली असेल तरच. म्हणून सही करण्याआधी माघारीची मुदत, वर्गणीवाढीचे सूत्र आणि सदस्यत्व हस्तांतराची अट ही तीन कलमे करारात शोधावीत. तोंडी आश्वासन एजंट बदलला की संपते. पुनर्विक्रीचा बाजार अगदी पातळ असल्याने ‘नको झाली तर विकून टाका’ या सल्ल्यावर विसंबू नये. कर्जाने घेतली असेल, तर क्लबशी भांडण झाले म्हणून हप्ते आपोआप थांबत नाहीत.

तक्रार करायला चेन्नई-मुंबई गाठावी लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (अंमल २० जुलै २०२०) प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. वारासिवनीकराला बालाघाट पुरते. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही. वर मांडलेल्या उदाहरणातली सदस्यता या मर्यादेत बसते.