दादीच्या डोक्याला मार लागला तर... सीटी स्कॅन कधी?

पहाटे वुजूसाठी उठलेली नव्वदीची दादी मोरीत घसरते. डोक्याला टेंगूळ, बाकी बोलणं-चालणं ठीक. घरात कुणीतरी म्हणतं, "हळद लावा, बरं होईल." तरुण माणसाच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खपून जातं. या वयात नाही.

वयानुसार मेंदू आकसतो, कवटी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे मेंदूवरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या असतात आणि साध्या धक्क्यानेही फाटू शकतात. रक्त हळूहळू साचतं. आत जागा मोकळी असल्याने सुरुवातीला त्रास जाणवतही नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी चाल अडखळते, एक हात ढिला पडतो, माणूस असंबद्ध बोलतो. घरचे समजतात, वय झालं! वास्तविक हे रक्त कवटीला लहान छिद्र पाडून काढता येतं आणि पुष्कळ रुग्ण पुन्हा चालू-बोलू लागतात.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील नियमानुसार, मार लागल्यावर शुद्ध हरपली असेल, घटना आठवत नसेल किंवा रुग्ण गोंधळला असेल, तर वय ६५ किंवा जास्त असणं एवढंच कारण स्कॅनला पुरेसं आहे. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना त्या नियमात धरलेलंच नव्हतं. त्यांची जोखीम आणखी वेगळी. पण पडताना कुणी पाहिलंच नसेल आणि दादीला एरवीही विसर पडत असेल, तर शुद्ध हरपली होती की नाही हे सांगणार कोण? अशा वेळी स्कॅन करून घेतलेला बरा, असं आमचं मत.

शिवाय भाषेची अडचण असते. डॉक्टर मराठीत विचारतात, दादी नुसती मान हलवते. तिच्याशी घरच्या बोलीत बोलणारं माणूस सोबत हवंच.

स्कॅन काही मिनिटांत होतो, फक्त डोकं स्थिर ठेवावं लागतं. मार लागल्यावरच्या स्कॅनला सहसा इंजेक्शन लागत नाही. किरणांची भीती या वयात गौण. एमआरआयला वेळ जास्त लागतो, म्हणून आधी सीटीच.

स्कॅन स्वच्छ आला तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. उलट्या, वाढती डोकेदुखी, जास्त झोप किंवा वागण्यात बदल दिसला तर पुन्हा दवाखाना गाठा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका; जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.