धूम्रद्रव (मॉडेल रेल्वेतील)

धूम्रद्रव : मॉडेल रेल्वेच्या बाष्प-एंजिनातून खरोखरीचा धूर निघत असल्याचा प्रत्यय यावा म्हणून त्याच्या धुराड्यातून, आत बसविलेल्या विद्युत्-तापकावर थेंबाथेंबाने सोडावयाचे अतिशुद्ध खनिज तेल. व्यवहारात यास ‘स्मोक फ्लुइड’ असेच म्हणतात. या तेलाचे ज्वलन होत नाही. तापकाच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती धुराड्याबाहेरील थंड हवेत येताच सूक्ष्म तुषारांत रूपांतरित होते, आणि तुषारांचा तो शुभ्र लोट पाहणारास धूर म्हणून दिसतो. चढणीवर कष्टणाऱ्या खऱ्या एंजिनाचा काळा धूर या साधनाने काढता येत नाही.

अमेरिकेतील लायोनेल कंपनीने 1946 साली पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या बाष्पटर्बाइन एंजिनाच्या प्रतिकृतीत धुराची जी पहिली तजवीज केली, तीत द्रव नव्हताच : एंजिनातील विजेच्या दिव्याच्या काचेला खळगा ठेवून त्यात अमोनियम नायट्रेटाची गोळी टाकावयाची आणि दिव्याच्या आचेवर तिचा धूर करावयाचा, अशी ती योजना होती. पुढच्याच वर्षी दिव्याची जागा तारेच्या तापकाने घेतली व गोळ्याही निराळ्या आल्या. चाकांबरोबर खालीवर होणारा एक लहान दट्ट्या हवा लोटीत असल्यामुळे धूर गाडीच्या चालीशी ताल धरून झोताझोताने निघे. त्याच सुमारास ए. सी. गिल्बर्ट यांच्या ‘अमेरिकन फ्लायर’ गाड्यांत द्रवाचा वापर सुरू झाला, आणि कालांतराने सर्वत्र द्रवानेच गोळीस हटविले. या बदलात सोय झाली, तशी एक जबाबदारीही वापरणाऱ्याच्या माथी आली. कारण गोळी मोजून टाकता येते, द्रवाचे प्रमाण मात्र आतील रचना ध्यानात घेऊनच ठरवावे लागते, आणि ही रचना सर्व एंजिनांत एकसारखी नसते.

जर्मनीतील झॉइटे या कारखान्याचे धूम्रजनक, जे मेर्कलिनच्या व इतर युरोपीय एंजिनांत सर्रास आढळतात, ते म्हणजे धातूची एक लहानशी कुपी असून तिच्या मध्यभागी केसासारखी बारीक नळी उभी असते. तळाशी तापलेल्या तेलाची वाफ या नळीतून वर उसळते आणि बाहेर पडते. परंतु कुपी काठोकाठ भरली की तेल नळीच्या तोंडावर चढते, नळी बुडते, आणि वाफेस वाट उरत नाही. म्हणूनच कुपी निम्म्याहून अधिक भरू नये, अशी निर्मात्यांचीच ताकीद असते. 1:87 प्रमाणाच्या एंजिनात ही अर्धी कुपी म्हणजे मोजके थेंबच होत.

‘ओ’ मापाच्या मोठ्या अमेरिकन एंजिनांत याहून निराळी व्यवस्था असते. तेथे तापकाभोवती तंतुमय वात पसरलेली असते, ती तेल शोषून धरते, आणि एक छोटा पंखा वाफ वर लोटतो. समईत तेल वातीच्या डोक्यावरून गेले तर ज्योत विझते आणि तेल सरले तर वातच जळते, तोच न्याय येथे लागू आहे. एम.टी.एच. या कंपनीच्या माहितीपुस्तकांत कोऱ्या एंजिनात प्रथम 15 ते 20 थेंब, आणि पुढे धूर विरळ होऊ लागला म्हणजे 10 ते 15 थेंब, असे प्रमाण दिलेले आहे. थेंब सोडून झाल्यावर धुराड्यात हळुवार फुंकर घालावी, हीही सूचना त्यांत असते व ती मोलाची आहे; कारण अरुंद धुराड्यात तेलाचा पातळ पडदा आडवा धरतो, त्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो, आणि तापक तापला की तो बुडबुडा फुटून तेलाचे शिंतोडे बॉयलरच्या रंगावर व रुळांवर उडतात.

प्रमाणाच्या प्रश्नातील खरी जिकीर पुढेच आहे. तेल संपले तरी धूर थांबतो आणि तेल अधिक झाले तरीही धूर थांबतो; लक्षण एकच, कारणे मात्र परस्परविरुद्ध. धूर दिसेनासा झाला की हात आपसूक बाटलीकडे जातो, आणि आधीच बुडालेल्या वातीवर आणखी दहा थेंब पडतात. ते अतिरिक्त तेल मग पंख्यात व त्याच्या मोटरीत शिरते, चाकांवर व रुळांवर उतरते, चढावर चाके जागीच फिरू लागतात, आणि तेलकट काजळी साचून विजेचा संपर्कही तुटतो. याउलट कोरड्या वातीवर तापक चालू ठेवला तर ती करपून काळी व कडक होते, पुन्हा तेल शोषीत नाही, आणि तापकाचीही तार जळून जाण्याचा संभव असतो. या दोहोंत कोरडेपणाने होणारे नुकसान अधिक गंभीर, कारण जादा तेल काढून टाकता येते, करपलेली वात मात्र बदलावीच लागते. सबब धूर काढावयाचा नसेल तेव्हा तापक बंद ठेवावा, आणि पूर्वी किती थेंब घातले व त्यानंतर गाडी किती वेळ चालली याचा हिशेब मनात असल्याखेरीज नवे तेल घालू नये.

अधिक तेल झाल्याची शंका आल्यास प्रथम वीज तोडावी, एंजिन निवू द्यावे आणि मगच ते टिपकागदावर उपडे धरावे. झॉइटेच्या कुपीतील तेल बारीक सुईच्या पिचकारीने ओढून घेता येते. सारे प्रमाण बरोबर असूनही धूर क्षीण असेल, तर दोष तेलाचा नसून विजेच्या दाबाचा असू शकतो. जुन्या पद्धतीच्या रुळांवर गाडीचा वेग विजेच्या दाबानेच कमीजास्त केला जात असल्याने मंद गतीत तापकास पुरेशी उष्णता मिळत नाही. अशा वेळी तेल वाढविणे सर्वथा व्यर्थ होय.

रॉकेल, डिझेल, खाद्यतेल अथवा रंगभूमीवर धुके करण्यासाठी वापरतात तो पाणीयुक्त द्रव, यांपैकी काहीही या तापकावर घालू नये. खोली बंद ठेवून दीर्घकाळ धूर काढणेही इष्ट नाही, कारण तुषार अखेरीस श्वासात जातात व सामानावर बसतात. धूम्रद्रवाची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी; हे पातळ तेल गिळताना वा ओकताना फुप्फुसांत उतरल्यास गंभीर इजा होते, म्हणून ते कोणाच्या पोटात गेल्यास ओकारी काढविण्याचा यत्न न करता त्या व्यक्तीस तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.