श्वेतपेशींच्या पृष्ठखुणा व त्यांची नावे

रोगास दिलेले नाव त्या काळच्या ज्ञानाची सीमा दर्शविते. १८४७ मध्ये फिरखो याने योजिलेल्या ‘ल्यूकेमिया’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘पांढरे रक्त’ एवढाच आहे. पुढे शतकाहून अधिक काळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे आकार व रंग हेच निदानाचे मुख्य साधन होते. परंतु लहान मुलांच्या या रोगात भिन्न कुळांच्या अपक्व श्वेतपेशी पुष्कळदा एकसारख्याच दिसतात.

१९७० च्या सुमारास पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांकडे लक्ष वळले. जिला मेंढीच्या तांबड्या पेशी चिकटतात ती ‘टी’ आणि जिच्या पृष्ठावर प्रतिपिंड असते ती ‘बी’, अशी विभागणी झाली. बहुसंख्य रुग्ण बालकांच्या पेशी मात्र कोणत्याच वर्गात बसेनात. १९७५ मध्ये लंडन येथे मेल्विन ग्रीव्ह्ज व त्यांचे सहकारी यांनी सशांच्या रक्तातून सिद्ध केलेल्या प्रतिपिंडांनी या पेशींवरील एक खूण शोधून काढली. तिचे ‘कॅला’ हे नाव रोगाच्याच नावावरून घडविलेले होते.

हे नाव यथार्थ ठरले नाही. तीच खूण निरोगी अस्थिमज्जेतील अपक्व पेशींवर व मूत्रपिंडातही आढळली. दरम्यान, १९७५ मध्येच कोलर व मिलस्टाइन यांनी एकजिनसी प्रतिपिंडे निर्मिण्याची रीत प्रसिद्ध केली आणि एकाच खुणेस निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळी नावे पडू लागली. १९८२ मध्ये पॅरिस येथील परिषदेने ‘सीडी’ ही क्रमांकपद्धती आरंभिली. तीत ‘कॅला’स सीडी १० हे नाव मिळाले.

क्रमांक स्वतः काही सुचवीत नाही, हाच त्याचा गुण होय. सीडी १० काही टी-कुळाच्या रोगपेशींवरही असते. म्हणून सीडी १९ आहे काय, सीडी ३ आहे काय, हे एकत्र पाहूनच कूळ ठरते. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरावा, तसेच हे आहे.

या भेदाचे मोल पनवेल तालुक्यात ओवे परिसरातील खारघर येथे प्रत्यक्ष दिसते. टाटा स्मारक केंद्राच्या तेथील ॲक्ट्रेक संस्थेत जून २०२१ मध्ये भारतातील पहिला ‘कार-टी’ उपचार झाला. त्यात रुग्णाच्याच टी-पेशींस सीडी १९ ओळखावयास लावितात. टी-कुळाचा रोग असलेल्या बालकास हा उपचार निरुपयोगी होय. शिवाय, काही रुग्णांत रोगपेशी सीडी १९ टाकून देतात व रोग उलटतो. तात्पर्य, खूण म्हणजे रोग नव्हे. ‘कॅला’ या नावाने घडलेली गल्लत उपचाराच्या वेळी होता कामा नये.