वर्गातले सर्वांत हुशार मूल कोणते? प्रज्ञावंतांच्या शोधाचा इतिहास (थ्रेड)

१९२१-२२ साली कॅलिफोर्नियातील शेकडो शिक्षकांच्या हाती एक अर्ज पडला. त्यात त्यांनी आपल्या वर्गातील सर्वांत हुशार मुलाचे नाव लिहायचे होते, त्याखाली दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाचे आणि शेवटी वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलाचे. अर्ज पाठवणारे होते स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन. असामान्य बुद्धीची मुले हुडकून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचा संकल्प त्यांनी सोडला होता.

नावे आली, चाचण्या झाल्या आणि एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. शिक्षकांनी ‘सर्वांत हुशार’ म्हणून सुचवलेल्या मुलांपेक्षा ‘सर्वांत लहान’ म्हणून नोंदवलेली मुले अधिक वेळा प्रज्ञावंत ठरली. वर्गातले बुद्धिमान मूल शोधायचे असेल तर शिक्षकाचे मत विचारण्यापेक्षा हजेरीपटावरची जन्मतारीख पाहावी, असा निष्कर्ष टर्मन यांनी १९२५ साली नोंदवला.

यात शिक्षकांचा फारसा दोष नव्हता. अकरा वर्षांचे मूल तेरा वर्षांच्या मुलांबरोबर बसून त्यांच्याइतकेच गुण मिळवत असेल, तर ते ‘बरे’ दिसते, ‘विलक्षण’ दिसत नाही. शिक्षक कामगिरी पाहतो. ती किती वयात साधली, हे त्याच्या नजरेतून निसटते. वय आणि कामगिरी यांची सांगड घालण्याची ही कल्पना मात्र टर्मन यांची नव्हती. ती पॅरिसमध्ये जन्मली होती, आणि तीही नेमक्या उलट हेतूने.

आल्फ्रेड बिने (१८५७-१९११) यांनी सुरुवातीला त्या काळच्या रीतीप्रमाणे डोकीच मोजली. कवटी मोठी तर बुद्धी मोठी, असे युरोपातले भले भले विद्वान मानत. हुशार आणि मठ्ठ मुलांच्या डोक्यांतील फरक इतका क्षुल्लक निघाला की बिने यांनी तो नाद सोडला.

त्याआधीच त्यांनी एक अधिक फलदायी वाट धरली होती. झाक इनोदी हा इटलीच्या पीडमाँट भागातला गरीब मुलगा लहानपणी मेंढ्या राखायचा आणि अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी प्रचंड संख्यांचे हिशेब मनातल्या मनात करायचा. मोठेपणी तो रंगमंचावर याचे प्रयोग करू लागला. १८९२ साली त्याला फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे उभे करण्यात आले, आणि बिने यांना त्याची परीक्षा घेण्याची संधी मिळाली.

बिने यांनी काय करावे? पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या मोठ्या दुकानातील रोखपालांना बोलावले आणि इनोदीच्या जोडीला बसवले. छोट्या गुणाकारांत रोजचा सराव असलेले हे रोखपाल त्याच्या तोडीस तोड निघाले. आकडे लांबले तेव्हा मात्र त्यांची स्मृती थकली आणि इनोदी पुढे गेला. म्हणजे चमत्कार गणितात कमी आणि स्मरणात जास्त होता. तीही कानाची स्मृती होती. इनोदीला आकडे ऐकू येत. पेरिक्लिस दियामांदी या दुसऱ्या गणकाला तेच आकडे डोळ्यांपुढे लिहिलेले दिसत. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन प्रतिभा आतून वेगळ्या असू शकतात, हे बिने यांनी १८९४ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले. सबंध इतिहासातला हा सर्वांत सुंदर प्रयोग म्हणावा लागेल, आणि त्याला भांडवल काय लागले, तर दुकानातले कारकून!

दुसरी प्रयोगशाळा त्यांच्या घरातच होती. मादलेन आणि आलिस या आपल्या दोन मुलींचे त्यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण केले. एक नेमकी, सावध, वस्तुनिष्ठ. दुसरी कल्पनेत रमणारी. एकाच घरात, एकाच वळणात वाढलेल्या या दोघींपैकी अधिक हुशार कोण, या प्रश्नाचे एका आकड्यात उत्तर देणे बिने यांना कधीच पटले नसते. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा पाया याच नोंदी होत्या.

१९०४ मध्ये फ्रेंच सरकारने एक आयोग नेमला. सक्तीच्या शिक्षणामुळे शाळेत आलेल्या मुलांपैकी कोणाला वेगळ्या मदतीची गरज आहे, हे ठरवायचे होते. बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली ३० प्रश्नांची श्रेणी रचली. सुरुवात पेटत्या काडीमागे नजर फिरते का, इथून होई आणि शेवट अमूर्त शब्दांतील भेद सांगण्यात. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले गेले आणि ‘मानसिक वय’ ही कल्पना रूढ झाली.

हे साधन मागे पडलेल्या मुलाला हात देण्यासाठी होते. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी राशी आहे, असे सांगणाऱ्यांचा बिने यांनी १९०९ साली कडाडून निषेध केला. दोनच वर्षांनी ते वारले. १९१२ साली जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागले. पुढे टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणले. झाला ‘बुद्ध्यंक’ तयार. दहा वर्षांचे मूल बारा वर्षांच्या मुलाचे प्रश्न सोडवते, तर बुद्ध्यंक १२०. निरीक्षणांची जाडजूड वही तीन अंकांत मावली.

टर्मन यांचा स्वतःचा पूर्वेतिहास येथे सांगण्याजोगा आहे. इंडियानातील शेतकऱ्याच्या चौदा अपत्यांपैकी ते बारावे. ते नऊ-दहा वर्षांचे असताना गावोगाव पुस्तके विकणारा एक फिरता मस्तकशास्त्री घरी आला. त्याने मुलांची डोकी चाचपून पाहिली आणि हा पोरगा पुढे नाव काढेल, असे भाकीत केले. शास्त्र खोटे होते. भाकीत खरे ठरले. कोणीतरी आपल्याला ओळखले, ही भावना मुलाच्या आयुष्यात काय करते, याचे उदाहरण स्वतः टर्मनच होते.

त्यांनी १९१६ साली बिने यांच्या श्रेणीची ‘स्टॅनफर्ड-बिने’ ही अमेरिकी आवृत्ती काढली आणि पाच वर्षांनी तिची दिशाच पालटली. आता तळातली मुले नव्हे, शिखरावरची मुले शोधायची. सुरुवातीला निवडलेल्या बहुतेकांचा बुद्ध्यंक १४० च्या वर होता. पुढे एकूण संख्या १,५२८ झाली. आईवडिलांकडून बारीकसारीक माहिती घेतली गेली. मूल केव्हा बोलू लागले, प्रश्न कसले विचारते, काय वाचते? जवळपास निम्मी मुले शाळेत जाण्यापूर्वीच वाचू लागली होती. शिवाय ती अशक्त, चष्मिष्ट आणि एकलकोंडी नव्हती. सरासरीपेक्षा किंचित उंच, निरोगी आणि खेळकर होती. लवकर पिकते ते लवकर सडते, या जुन्या समजाला या अभ्यासाने मोठा धक्का दिला.

पण चाळणीला भोके होती. शिक्षकाने नाव सुचवले नाही तर मूल चाचणीपर्यंत पोहोचतच नसे. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले जेमतेम बोटांवर मोजण्याइतकी निवडली गेली. हा केवळ योगायोग नव्हता. अशा मुलांमधील ‘मंदपणा’ वांशिक असावा आणि त्यांना वेगळ्या वर्गांत बसवावे, असे टर्मन यांनी १९१६ च्या ग्रंथातच लिहून ठेवले होते. सुप्रजननवादी विचारांनी त्यांची दृष्टी आधीच रंगलेली होती.

कॅलिफोर्नियातील दोन गोऱ्या मुलांचीही चाचणी झाली आणि बुद्ध्यंक कमी भरल्याने ती गळाली. त्यांची नावे विल्यम शॉकली आणि लुइस अल्व्हारेझ. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, अनुक्रमे १९५६ आणि १९६८ मध्ये. निवडलेल्या १,५२८ जणांपैकी एकालाही ते मिळाले नाही.

निवडलेल्यांतही सगळे चमकले नाहीत. १९४० च्या सुमारास टर्मन यांनी सर्वाधिक यशस्वी १५० आणि सर्वांत कमी यशस्वी १५० पुरुषांची तुलना केली. बुद्ध्यंकात फरक नगण्य होता. चिकाटी, आत्मविश्वास आणि घरची शैक्षणिक परंपरा यांत तो मोठा होता. तुलना पुरुषांचीच झाली, कारण निवडलेल्या मुलींपैकी निम्म्याच्या आसपास पुढे गृहिणी झाल्या आणि त्यांचे यश मोजण्यासाठी टर्मन यांच्याकडे मापच नव्हते.

न्यूयॉर्कमध्ये लीटा हॉलिंगवर्थ (१८८६-१९३९) यांनी वेगळा रस्ता धरला. हजारांची यादी न करता त्यांनी मोजक्याच मुलांचा जवळून अभ्यास केला. १८० च्या वर बुद्ध्यंक असलेल्या मुलाला समवयस्कांशी बोलायला विषयच सापडत नाही, ते वर्गात कंटाळते आणि हळूहळू गप्प होते, हे त्यांनी टिपले. गप्प बसलेले मूल कोणत्या शिक्षकाला हुशार वाटेल?

भारतात ही चाचणी आणताना पहिली अडचण भाषेची होती. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील सी. हर्बर्ट राइस यांनी हिंदुस्थानी आवृत्ती केली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिने श्रेणीची पुनर्रचना केली; त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. हे नुसते भाषांतर असून चालणार नव्हते. स्टॅनफर्डच्या चाचणीत अमेरिकी नाणी ओळखायचा प्रश्न होता. धारवाडच्या मुलाला त्याचे काय? प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांवर तपासून तो कोणत्या वयाला शोभतो, हे नव्याने ठरवावे लागले. ‘बिने-कामत चाचणी’ पुढे कित्येक दशके देशभर वापरात राहिली. इतकी की तिचे जुने निकष आजच्या मुलांना कसे लागू पडावेत, असा आक्षेप अभ्यासकांना घ्यावा लागला.

पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि १९६९ मध्ये प्रज्ञावंत मुलांसाठी स्वतंत्र प्रशाला सुरू झाली. येथे बुद्धीकडे पाहण्याची चौकटही बदलली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिल्फर्ड यांनी बुद्धीच्या तब्बल १२० स्वतंत्र क्षमता कल्पिल्या होत्या. एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे सुचणे हीदेखील त्यांत बुद्धीच. या प्रतिमानावर आधारलेल्या चाचण्यांवर प्रबोधिनीत दीर्घकाळ काम झाले. इनोदी आणि दियामांदी यांच्यातला फरक शोधणाऱ्या बिने यांना ही दिशा परकी वाटली नसती.

महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांची गाठ मात्र ‘बुद्धिमत्ता चाचणी’ या शब्दाशी पडली ती शिष्यवृत्ती परीक्षेत. आधी चौथी-सातवीला, नंतर काही वर्षे पाचवी-आठवीला. बिने मुलासमोर बसून त्याचे उत्तर ऐकत आणि ते उत्तर देताना मूल कुठे अडखळले तेही टिपून ठेवत. शिष्यवृत्तीच्या उत्तरपत्रिकेत चार गोल असतात, आणि बाजारात सराव प्रश्नसंचांचे गठ्ठे. ज्या मुलाच्या घरी तो संच येतो, त्याची स्थिती ‘बाँ मार्शे’च्या रोखपालासारखी असते.