शाळा अंगणात कशी आली?



मूल शाळेत आले नाही की आपण चटकन म्हणतो, ‘आईबापांनाच फिकीर नाही, तिथे मास्तर काय करणार?’ हे म्हणणे कितपत खरे आहे, ते आपल्याच मुलखातील एका इतिहासाला विचारून पाहू.

बोर्डी हे समुद्रकाठचे गाव. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. १९४५ साली ताराबाई मोडक तेथे बालशिक्षणाचे काम करू लागल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंनी पूर्वी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर हेच काम केले होते. पण शहरातल्या बालमंदिरांत येणारी मुले बहुधा खाऊनपिऊन सुखी घरची. त्यांना न्हाऊमाखू घालून वेळेवर पोचवायला घरात कोणी तरी मोकळे असे. बोर्डीत बालवाडी निघाली, पण त्या काळी ज्याला हरिजनवाडा म्हणत, तिथली मुले काही येईनात.

का बरे? आईबाप दोघेही मजुरीला जाणार. मग तान्ह्याला कडेवर घेऊन घर राखायचे कोणी? सहासात वर्षांच्या थोरल्या बहिणीने! जवळच्या वारली पाड्यांवर तर दशा याहून बिकट. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबायचे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ सालीच शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढारपणाखाली वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला. आता सांगा, ज्याचा दिवसच स्वतःच्या मालकीचा नाही, त्याने लेकराला मांडीवर घेऊन गोष्ट सांगावी ती कधी?

ताराबाईंनी यावर साधा तोडगा काढला. मुले येत नाहीत ना, मग शाळेनेच त्यांच्याकडे जावे. वस्तीतल्या अंगणात वर्ग भरू लागला. आधी हातपाय धुणे, नखे काढणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने. हीच अंगणवाडी! दारातच सारे चाले, म्हणून घरच्या माणसांनाही ते दिसे.

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकत्र सांगड घातली. तिला नाव दिले विकासवाडी. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, आणि बहीण हात मोकळे करून वर्गात. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तर शिक्षकच कुरणात जात, ती कुरणशाळा. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला.

प्रश्न मात्र संपलेला नाही, बरं का. ऊसतोडीला बिऱ्हाड घेऊन निघणाऱ्या घरांत तो आजही आहे. म्हणून शिक्षक मित्रहो, हजेरीपटावर गैरहजेरी मांडण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: घरची माणसे कामाला किती वाजता बाहेर पडतात, आणि धाकट्याला कोण सांभाळते? त्याप्रमाणे शाळेला थोडे वाकता येते का, ते बघा. आणि आईबापांनो, वेळ नाही हे खरेच. पण शेताची वाट चालता चालता झाडांची नावे सांगता येतात, शेंगा सोलताना दाणे मोजता येतात. तेवढे केलेत तर अंगणातली शाळा घरातही येईल.